मार्जारन्याय आणि अर्धे युनिट

रामानुजाचार्यांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांत जो पंथभेद झाला, त्यात दोन दृष्टान्त प्रसिद्ध आहेत. वानरीचे पिलू आईच्या पोटाला घट्ट बिलगून राहते. उडी आई घेते, पण पकड पिलाची असते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही. आई त्याची मान दातांत धरते आणि न्यायचे तिकडे नेते. वडकलै पंथाने पहिला दृष्टान्त जवळ केला, तेंकलै पंथाने दुसरा. ईश्वराच्या कृपेसाठी जीवाने स्वतः काही करावे लागते की नाही, हा वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी आपल्याकडे परिचित आहे. या वादात विचार होतो तो पिलाच्या बाजूने. उचलणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही; कारण उचलणारा सर्वज्ञ आहे, हे गृहीत धरलेले असते.

उचलणारा सर्वज्ञ नसेल तर? पिलू सर्वस्वी त्याच्या स्वाधीन आहे, त्याला विचारून घेण्याची सोय नाही, आणि वाट कोणती बरी हे उचलणाऱ्याला स्वतःलाच नीटसे ठाऊक नाही, अशा स्थितीत त्याचे कर्तव्य कोणते? हा प्रश्न मला कोणत्याही पोथीने घातलेला नाही. तो रायपुरातील आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका बोक्याने घातला आहे.

या बोक्याचे वय अकरा वर्षे आणि नाव रावसाहेब. जेवणाच्या वेळी पाटाशेजारी तो ज्या तोऱ्याने येऊन बसतो, त्यावरून हे नाव त्याला आपोआप चिकटले. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तो वारंवार पाणी पिऊ लागला. भूक वाढली, पण साडेसहा किलोंचा देह उतरत उतरत साडेचारांवर आला. आणि चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकू लागल्या. पशुवैद्यांनी रक्त आणि मूत्र तपासून निदान केले : मधुमेह.

हा रोग आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत सांगितले आहे. मांजराला होणारा मधुमेह बहुधा आपल्याकडील प्रौढांच्या मधुमेहासारखाच असतो : शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि स्वादुपिंड थकत जाते. वाढते वय, स्थूलपणा, नसबंदी झालेला नर, घराबाहेर फारसे न पडणे आणि दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइडे यांनी त्याचा संभव वाढतो. उपाय म्हणजे मांसप्रधान, पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार आणि साधारण बारा बारा तासांनी कातडीखाली इन्सुलिन. मात्रा बहुधा एक-दोन युनिटांची. वाढवावी-घटवावी लागते तीही अर्ध्या अर्ध्या युनिटाने. मिलिलिटरमध्ये शंभर युनिटे असलेल्या औषधाचे अर्धे युनिट म्हणजे एका मिलिलिटरचा दोनशेवा भाग. आपल्याकडे इन्सुलिन चाळीस आणि शंभर अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या : चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजेत त्याच खुणेपर्यंत ओढले तर अडीचपट मात्रा आत जाते. एका टोपणाच्या रंगावर एक प्राण अवलंबून असतो, हे प्रथम ऐकले तेव्हा फायलींच्या पृष्ठक्रमांकांत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्यालाही हात जरा आवरून धरावासा वाटला.

औषध सुरू झाले की साखर आटोक्यात येते, अशी आपली भाबडी कल्पना असते. पुष्कळ मांजरांत ती येतेही. रावसाहेबांच्या बाबतीत तसे घडले नाही. वैद्यांच्या सांगण्यावरून दर दोन तासांनी कानाच्या कडेला बारीक टोचून, रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरवर घेऊन, बारा तासांचा आलेख काढावा लागतो. एके दिवशी सकाळी ३८० असलेला आकडा दुपारी १४० वर उतरला आणि संध्याकाळी ४१० वर चढला. दुसऱ्या दिवशी तीच मात्रा, तेच अन्न, तीच वेळ. आणि आकडे २९०, २६०, ३००. रोजकीर्दीत अशी नोंद आली असती तर संबंधिताचे स्पष्टीकरण मागविता आले असते. येथे संबंधित खिडकीत बसून अंग चाटीत असतो.

कारणे शोधावयाची म्हटली तर ती आहेत. किडलेले दात, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज यांपैकी काहीही इन्सुलिनला निष्प्रभ करू शकते. इंग्लंडात हजाराहून अधिक मधुमेही मांजरांची पाहणी करण्यात आली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या मांजरांत पीयूष ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अतोनात स्रवत असल्याची चिन्हे आढळली. माणसासाठी बनविलेले ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तातील साखर बहुधा आहे त्याहून कमी दाखवते. शिवाय मांजर घाबरले की केवळ भीतीनेच त्याची साखर कितीतरी चढते; म्हणून दवाखान्यातील आकड्यावर वैद्यही फारसा भरवसा ठेवीत नाहीत. वरिष्ठांच्या तपासणीच्या दिवशी कार्यालय जसे दिसते, तसे ते एरवी नसते, याचा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. मोजणाऱ्याच्या चाहुलीनेच मोजावयाची वस्तू बदलते. अशा वेळी कागदावर उरतो तो आकडा खोटा नसतो, पण तो जे सांगतो त्यात आपल्या येण्याचाही वाटा असतो.

या खटाटोपावर घरातून आणि कार्यालयातून दोन आक्षेप आले, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला माझ्या आईचा. ती म्हणाली, "अरे, मुक्या जनावराला रोज कशाला टोचतोस? सुखानं जाऊ दे त्याला." मांजराच्या हत्येचे पाप आपल्या समाजाने मोठे मानले आहे. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मांजराला मरू देण्याचे प्रायश्चित्त कोणी सांगितलेले नाही. कारण मरू देणे हे कृत्य आहे असे आपल्याला वाटतच नाही. आईच्या शब्दांत करुणा होती यात शंका नाही. तथापि 'सुखाने' हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. औषधावाचून राहिलेल्या मधुमेही मांजराची तहान भागत नाही, स्नायू झिजतात, मागचे पाय लुळे पडतात; पुढे रक्तात आम्ल साचून उलट्या आणि ग्लानी येते. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर, आपण पुरविलेल्या पाण्याच्या भांड्याशेजारी घडते. निसर्गावर सोडले असे आपण म्हणतो, पण खिडक्यांना जाळ्या लावलेल्या घरात निसर्ग कुठला? मांजराचा हा रोग बव्हंशी घरवासाचा रोग आहे. त्याला उंबऱ्याच्या आत घेतले ते माणसाने, आणि आतल्या सुखाबरोबर आतले दुखणेही त्याच्या वाट्याला आले.

दुसरा आक्षेप कार्यालयातील एका स्नेह्याचा. त्यांनी महिन्याचा खर्च विचारला, मनातल्या मनात बारांनी गुणाकार केला आणि म्हणाले, "एवढ्यात एका गरीब मुलाचं वर्षाचं शिक्षण होईल." हा युक्तिवाद ऐकून माणूस निरुत्तर होतो. परंतु स्कूटर बदलताना किंवा सहकुटुंब पुरीला जाऊन येताना हाच युक्तिवाद कोणी काढीत नाही. गरीब मुलाची आठवण होते ती खर्च आपल्याहून दुबळ्यासाठी होऊ लागतो तेव्हाच, हे थोडे चमत्कारिक आहे. तरी आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ऐपतीला सीमा असते, आणि घरातील माणसाचे औषध थांबवून मांजराचे आणणे कोणालाही उचित वाटणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जगातील सर्व दुःखांची यादी करून सर्वांत मोठ्या दुःखापासून आरंभ करावा, अशा रीतीने कर्तव्य आपल्यापुढे येत नाही. ज्याचा भार आपण उचलला आहे, त्याचे देणे आपल्या नावावर आधी मांडलेले असते.

या देण्याला आणखी एक बाजू आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. या रोगाचे मूळ तेव्हा प्रथम हाती लागले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला तोही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. त्यानंतर साठ वर्षे जगातील मधुमेही माणसे गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. आज आमच्या फ्रीजच्या दारात दोन कुप्या शेजारी शेजारी असतात : एक आईची, एक रावसाहेबांची. औषध एकच. "माझं औषध मांजराला?" असे आईने पहिल्या दिवशी आश्चर्याने विचारले होते. इतिहास पाहिला तर प्रश्न उलटही विचारता आला असता.

आपण सरकारी माणसे. विधिनियमाची भाषा आपल्याला जवळची. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या विधेयकाची प्रेरणा होती. या अधिनियमाचे तिसरे कलम पुष्कळांच्या वाचनात नसते. प्राणी ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात असेल, त्याने त्या प्राण्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे त्याचे कर्तव्य होय, असा त्याचा आशय आहे. 'वाजवी' आणि 'अनावश्यक' या दोन शब्दांत सारा प्रश्न सामावला आहे. दिवसातून दोनदा सुई टोचणे ही वेदना आहे. ती आवश्यक की अनावश्यक, हे कशावरून ठरवावयाचे? आकडा सुधारला तर आवश्यक आणि न सुधारला तर अनावश्यक, असे म्हणता येईल काय?

आकड्याविषयी वैद्यकाचा स्वतःचा अनुभव येथे उपयोगी पडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मधुमेही मांजरांच्या धन्यांनी घरीच वारंवार रक्त तपासून, मात्रा काटेकोरपणे बदलीत साखर शक्य तितकी आटोक्यात ठेवली. त्यांपैकी ६४ टक्के मांजरांना पुढे इन्सुलिनची गरजच उरली नाही. काटेकोरपणाचे फळ एवढे मोठे असू शकते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, अमेरिकेत दहा हजारांहून अधिक माणसांवर चाललेल्या एका मोठ्या चाचणीचा एक भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला होता. ज्या रुग्णांची साखर अधिक कडकपणे खाली आणली जात होती, त्यांच्यात मृत्यू अधिक होत होते. आकडे सुंदर होते आणि माणसे जात होती. दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की आकडा ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे पाहूनच त्याचे मोल ठरवावे लागते. एका जिवाला जो काटेकोरपणा तारतो, तोच दुसऱ्याला मारतो. आणि आपल्यासमोरचा जीव कोणता, हे आगाऊ सांगणारे कलम नाही.

अशा अनिश्चिततेत वागण्याचा एक नियम मला पशुवैद्यांकडून मिळाला. त्यांनी तो केवळ खबरदारी म्हणून सांगितला. मला त्यात नीतीचे एक तत्त्व दिसते. मांजर घाबरून हलले, सुई निसटली आणि औषध आत गेले की केसांवर सांडले याचा संशय आला, तर पुन्हा टोचू नये. मांजर जेवले नसेल किंवा आकडा आधीच खाली असेल, तर ठरलेली मात्रा द्यावयाची नाही. आधी वैद्यांना विचारावयाचे. कारण साखर एक दिवस चढी राहिली तर मांजर पाणी अधिक पिईल, मूत्र अधिक होईल. दुसऱ्या दिवशी ते सावरता येते. साखर फार खाली गेली तर काही तासांत झोक जाणे, झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून दवाखान्याकडे धावण्याइतकाच अवधी हाती असतो. हिशेबाच्या वहीत एक रुपया जास्त आणि एक रुपया कमी या सारख्याच चुका असतात. दोन्हींनी ताळेबंद बिघडतो. जिवाच्या हिशेबात दोन चुका सारख्या नसतात. जिची दुरुस्ती उद्या करता येईल, ती चूक पत्करावी.

हा नियम मांजरापुरता आहे असे मला वाटत नाही. एखाद्या वृद्धेचा हयातीचा दाखला वेळेवर आला नाही. निवृत्तिवेतन चालू ठेवले तर एखादे वेळी महिन्याची रक्कम जादा जाईल. थांबवले तर नियमाचे पालन होईल. जादा गेलेली रक्कम वसूल करता येते. उपाशी गेलेला महिना कोणत्याही आदेशाने परत देता येत नाही. आपण परगावी बदलून आलेली माणसे. इथली बोली आपल्याला पुरती येत नाही आणि खिडकीपलीकडच्या माणसाला आपली कागदी भाषा येत नाही. अधिकार आपल्याकडे आहे, माहिती अपुरी आहे आणि समोरच्याला बोलता येत नाही, असे प्रसंग आपल्या नोकरीत कितीतरी येतात. नियमाला बगल द्यावी असे मी सुचवीत नाही. पण जेथे नियम आपल्याला निवड करू देतो, तेथे कोणती चूक परत फिरवता येण्याजोगी आहे हे पाहून निवड करावी, एवढे तरी आपल्या हाती असते.

संमतीचा प्रश्न मात्र राहतोच. आईही मधुमेही आहे. संक्रांतीला ती एक तिळगूळ जास्त खाते आणि संध्याकाळी स्वतःच हसत कबुली देते. तिचे पथ्य आणि तिचे पथ्य मोडणे, दोन्ही तिची आहेत. रावसाहेबांना रोग ठाऊक नाही, औषध ठाऊक नाही, उद्या ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती फक्त सुई. भविष्यातील सुखासाठी वर्तमानातील दुःख सोसावे, हा हिशेब माणूस स्वतःपुरता करू शकतो. दुसऱ्याच्या वतीने तो करताना हात आखडता असणे बरे. म्हणून आमच्या घरच्या वहीत साखरेच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना आहे. आज खिडकीत उडी मारली काय, अंग चाटले काय, जेवणाला हाक मारण्यापूर्वी हजर झाला काय. पशुवैद्यही आकड्यांइतकेच वजन, तहान आणि वागणे यांना महत्त्व देतात. साखर अजून १५० आणि ३५० यांच्या मध्ये कुठेही भटकते, पण टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आहेत आणि वजन पाच किलोंच्या आसपास स्थिरावले आहे. हा दुसरा रकाना दिवसामागून दिवस रिकामा राहू लागेल, तेव्हा आईचे म्हणणे खरे ठरेल. आणि तेव्हा सुई खाली ठेवणे हेही त्याच कर्तव्याचा भाग असेल.

निष्काम कर्माचा उपदेश आपल्याला लहानपणीच मिळतो, आणि त्याचा अर्थ आपण बहुधा फळाकडे न पाहणे असा करतो. येथे तसे करून भागत नाही. फळाकडे दर बारा तासांनी पाहावे लागते, ते लिहून ठेवावे लागते, त्याप्रमाणे पुढचे कर्म बदलावे लागते. आणि तरीही ते आपल्या इच्छेप्रमाणे आले नाही म्हणून रागावता येत नाही. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो. वीज गेली तर कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून, पाणी न लागेल अशी, माठाच्या थंडाव्यात ठेवावी लागते. दौऱ्यावर जगदलपूरला जावे तर संध्याकाळचे सात कोण सांभाळणार, हा प्रश्न असतो. नागपूरला लग्नाला जावयाचे तर घरातील एकाने मागे राहावयाचे. हे सारे चिडून केले तर आठवडाभर होते. वर्षभर होण्यासाठी मनाची निराळी घडण लागते, आणि 'वाजवी उपाय' या शब्दांत मी तिचाही समावेश करतो. जे आपल्याला उद्याही करता येणार नाही इतके आज करणे, हे मांजराच्या दृष्टीने फारसे उपयोगाचे नाही.

बदलीचा आदेश कधीतरी येणारच. तोवर पलीकडच्या क्वार्टरमधील छत्तीसगडी बाई, ज्या रावसाहेबांना 'बिलई' म्हणतात आणि पहिल्यांदा सुई पाहून मागे सरल्या होत्या, त्या आता आमच्या गैरहजेरीत संध्याकाळची मात्रा देतात. त्यांच्यासाठी एक कागद हिंदीत लिहून फ्रीजवर लावला आहे. कार्यभार सोपविताना यादी देण्याची सवय आपल्याला असतेच. या यादीत मात्रा किती हे एका ओळीत आहे. उरलेल्या सहा ओळी ती केव्हा द्यावयाची नाही याविषयी आहेत.